चारनंतरचा मांडव

महाड आणि पोलादपूर तालुक्यांत मी गेली अठ्ठावीस वर्षं लग्नं लावतो आहे. त्यातल्या निम्म्याहून जास्त लग्नांचा मांडव रऊफभाईंचा. लग्न ठरलं की मुलीचा बाप आधी माझ्याकडे येतो. मी पंचांग उघडतो, बोटांवर मोजतो, तिथी आणि वेळ सांगतो. मग तो महाडला रऊफभाईंच्या दुकानात जातो आणि ती वेळ त्यांना सांगतो. रऊफभाई ऐकतात, आणि मे महिना असला तर मान हलवतात. ती मान आडवी हलते.

"भटजींना विचारा, दुपारचं कायतरी निघतंय का," असं ते यजमानाला तोंडावर सांगतात. मी आठ वर्षं पाठशाळेत घोकंपट्टी केलेली, आणि हे गृहस्थ खुर्च्या-पातेली भाड्याने देणारे. हे सुरू झालं तेव्हा पहिली काही वर्षं मला याचा भयंकर राग येत असे. मी माझ्या बायकोला म्हणायचो, उद्या हा माणूस मंगलाष्टकांची चालसुद्धा बदलायला सांगेल. ती म्हणायची, चाल बदलायला हरकत नाही, फार लांबवता तुम्ही.

रऊफभाई मूळचे महाड शहरातलेच. वडिलांची बैलगाड्यांची वाहतूक होती, मग टेम्पो आला, मग टेम्पोही गेला. विशी ओलांडल्यावर ते कुवेतला गेले आणि नऊ वर्षं तिथे उंच इमारतींना लोखंडी पाइपांचे पहाड, म्हणजे परांच्या, बांधायचं काम केलं. पाइपाला पाइप कसा जोडायचा, कुठे आडवा द्यायचा, जमिनीला कसा धरायचा, हे सगळं हातात बसलं. परत आले ते पाइप बांधायची अक्कल घेऊन आणि आणखी एक गोष्ट घेऊन. तिकडे उन्हाळ्यात भरदुपारी चार-पाच तास बाहेरचं काम बंद ठेवायचा कायदा आहे. मालक कितीही मोठा असो, त्या वेळात कामगाराला पहाडावर चढवता येत नाही. रऊफभाई म्हणतात, "भटजी, मालकापेक्षा घड्याळ मोठं असतंय, हे मी तिकडं शिकलो."

महाडला येऊन त्यांनी धाकटा भाऊ मुदस्सर याला जोडीला घेतलं आणि मांडवाचा धंदा टाकला. तोवर आपल्याकडे बांबू आणि काथ्याचेच मांडव. यांनी पाइप आणले, छताला पांढरं-गुलाबी कापड आणलं, झालरी आणल्या. दोन वर्षांत बिरवाडीपासून पोलादपूरच्या वरच्या वाड्यांपर्यंत मांडव म्हटलं की रऊफभाई, असं होऊन बसलं. हिंदूचं लग्न असो, मुसलमानाचा निकाह असो, मांडवाची पहिली मेढ ते स्वतः धरून उभे राहतात. मी त्या मेढीला हळद-कुंकू लावतो, बायका ओवाळतात, आणि ते तोंडातल्या तोंडात बिस्मिल्ला म्हणून ती खड्ड्यात सोडतात. यावर आजवर कुणाचं काही बिघडलेलं नाही.

आता माझ्याबद्दल थोडं खरं सांगून टाकतो, नाहीतर पुढचं कळायचं नाही. वैशाखात लग्नाच्या तिथी मोजक्या, आणि सगळ्या तालुक्याला त्याच हव्या. चाकरमानी मुंबईहून मे महिन्यातच येतात. अशा वेळी भटजीला तारतो तो गोरज मुहूर्त. सूर्य मावळायच्या सुमाराचा हा मुहूर्त. गाई घरी परततात आणि त्यांच्या खुरांची धूळ उडते, ती वेळ. त्याला फारसे दोष लागत नाहीत, तो सगळ्यांना चालतो. मुंबईकरांना तर आवडतोच, कारण ऊन नसतं आणि दिव्यांची रोषणाई दिसते. आणि भटजीला आवडतो, कारण दुपारी बाराचं एक लग्न महाडला लावून, जेवून, संध्याकाळचं दुसरं वरच्या खोऱ्यात लावता येतं. एका दिवसात दोन. जिथे दुपारचा चांगला मुहूर्त होता, पण मी दुसरीकडे शब्द दिलेला होता, तिथे मी कित्येकदा "दुपारचा नाही, गोरजच घ्या" असं सांगितलेलं आहे. यात कुणाचं नुकसान आहे असं मला वाटत नसे.

तुडीलच्या लग्नापर्यंत वाटत नव्हतं.

दहा-बारा वर्षं झाली त्याला. सावित्रीच्या काठाजवळ मोकळ्या शेतात मांडव होता. मुहूर्त गोरज, मीच दिलेला, वर सांगितलेल्याच कारणाने. चार वाजता आभाळ निरभ्र होतं. साडेपाचला डोंगराकडून गार वारा आला, सगळ्यांना बरं वाटलं, बायका म्हणाल्या, बरं झालं बाई. पुढच्या दहा मिनिटांत तो वारा असा काही घुसला की छताचं कापड खालून फुगलं आणि मांडवाची एक बाजू जमिनीतून उचलली गेली. मी पाहिलं, पाइप उपटून वर गेला आणि आडवा खाली आला. बाजूच्या कनातीचा दोर धरायला मुदस्सर धावला होता. पाइप त्याच्या गुडघ्यावर बसला. वऱ्हाडातल्या कुणाला खरचटलंसुद्धा नाही. मुदस्सरचा पाय मात्र तेव्हापासून वाकत नाही. तो दुकानात गल्ल्यावर बसतो, आणि कामावर आलाच तर एक पाय ओढत खुर्च्या मोजतो.

रऊफभाईंनी मला त्याबद्दल एक शब्द विचारला नाही. मीही काही बोललो नाही.

त्या वर्षापासून त्यांनी एक उद्योग सुरू केला. मे महिन्याची पंधरा तारीख उजाडली की ते सुतळीचा एक लांब तुकडा गोदामाच्या खिळ्याला बांधतात. मशिदीत असरची नमाज होते पावणेचारच्या सुमाराला, आणि मगरीबची सूर्य मावळल्यावर, सातनंतर. या दोन नमाजांच्या मध्ये पाऊस पडला, तर मगरीबहून येऊन सुतळीला लाल चिंधीची गाठ. नाही पडला तर नुसती गाठ. सकाळपासून दुपारी दोनपर्यंत पडला तर त्याची वेगळी सुतळी. महिना संपेपर्यंत हे चालतं. महाडबाहेर असले तर नौशीन, त्यांची मुलगी, गाठ मारते.

एकदा मी भांडायलाच गोदामात गेलो होतो, तेव्हा त्यांनी त्या सुतळ्या माझ्यासमोर धरल्या. दहा वर्षांच्या दहा जोड्या. "मोजा," म्हणाले. मी मोजल्या. मे महिन्याच्या उत्तरार्धातल्या एकशे सत्तर संध्याकाळी, त्यातल्या चव्वेचाळीस लाल. सकाळच्या सुतळ्यांवर दहा वर्षांत लाल गाठी पाच.

"म्हणजे चार संध्याकाळींतली एक," मी म्हणालो. "मग तीन वेळा तुम्ही उगाच भिता."

"आंब्याच्या पेटीत चारात एक नासका निघाला तर तुमी पेटी परत देता ना भटजी? इकडं तर पेटीत माणसं हायत."

मी म्हणालो, आषाढात तर चोवीस तास पडतो, रात्रीचा जास्तच, तेव्हा काय करता. ते म्हणाले, "आषाढाला येळ नाय. तो दर्यावरनं येतो, त्याला दिवस काय, रात्र काय. मे महिन्याचा पाऊस हिकडंच तयार होतो. सकाळभर जमीन तापती, खाडीकडची वली हवा खोऱ्यानं वर चढती, घाटाच्या भिंतीला लागती, आन तिकडनं आणखी वर जाती. जेवणवेळेला बगा, महाबळेश्वराच्या बाजूला ढगांचे पांढरे गड्डे दिसतील. चारला ते काळे. दिवस बुडला की खालची ऊब संपली, मग त्याच्यात दम ऱ्हात नाय." आणि थोडं थांबून म्हणाले, "हा पाऊस नोकरदार हाय. जेवून-बिवून आरामात कामावर येतो आन दिवे लागायला घरी जातो."

मला हसू आलं, आणि मी भांडायला आलो होतो हे विसरलो.

तर त्यांचा नियम असा झाला: मेच्या उत्तरार्धात मोकळ्या जागी मांडव असेल तर लग्न आणि पंगत दोनपर्यंत उरकायची, आणि असरच्या आधी मांडव रिकामा. कुणी हट्ट धरला तर सरळ काम नाकारायचं. धंदा कमी झाला. दुसरे मांडववाले आले, त्यांनी ती कामं उचलली. रऊफभाईंच्या तोंडावर त्याचं कधी काही दिसलं नाही.

गेल्या वर्षी एकोणीस मेला सयाजी सकपाळांच्या तेजश्रीचं लग्न होतं. सयाजी शिवथरच्या खोऱ्यातले, भाताची जमीन राखून असलेले, शब्दाला पक्के. तेजश्री महाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात प्रयोगशाळेत नोकरीला. नवरा रितेश मूळचा पोलादपूरकडचाच, घर मुंबईला. वऱ्हाड त्याच दिवशी सकाळी मुंबईहून दोन बसने निघणार होतं. लग्न मुलीच्या दारात, म्हणजे घरासमोरच्या खळ्यात आणि त्याच्याखालच्या शेतात. दुसरी जागा नाही, आणि बंदिस्त हॉल पंचवीस किलोमीटरवर.

त्या दिवशी दुपारी बारा तेवीसचा मुहूर्त होता. स्वच्छ होता, दोघांच्या पत्रिकांना चालणारा होता. पण त्याच बारा तेवीसला चवदार तळ्याच्या मागच्या हॉलमध्ये मी दुसरं लग्न धरलेलं होतं. सयाजींना मी म्हणालो, "दुपारचा मुहूर्त नाही. गोरज घ्या, सहा सत्तेचाळीस." त्यांनी विश्वासाने मान डोलावली.

आठ दिवसांनी रऊफभाई जागा बघायला आले तेव्हा मीही तिथेच होतो, याद्या करायला. वेळ ऐकून त्यांनी मान आडवी हलवली.

"दुपारचं करा, सयाजीराव."

"दुपारचा मुहूर्तच नाय म्हनतात भटजी."

रऊफभाईंनी माझ्याकडे पाहिलं. आणि मला आठवलं की चवदार तळ्यामागच्या त्या हॉलमध्ये पातेली आणि खुर्च्या त्यांच्याच आहेत. बारा तेवीसची लग्नपत्रिका त्यांच्या दुकानात आलेली असणार. त्यांना सगळं माहीत होतं. मी पानाचा डबा उघडला आणि उगाच सुपारी शोधत बसलो. ते बोलले असते तर सयाजींनी मला उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं.

रऊफभाई शेताच्या बांधावरून दोन फेऱ्या मारून आले आणि म्हणाले, "मी काम नाय म्हनलो तर तुमी दुसरा आनाल, आन तो कापड बांधून मोकळा होईल. त्यापेक्षा मीच बांधतो. पन एक अट. असरपासून मी सांगेपर्यंत मांडवावर हुकूम माझा. तुमचा नाय, पाहुण्यांचा नाय, भटजींचाबी नाय."

"दिला," सयाजी म्हणाले. अट कशाची आहे ते त्यांनी विचारलं नाही. सोपं काहीतरी असेल असं वाटलं असावं.

एकोणीस तारखेला मी महाडचं लग्न उरकून, बिरवाडीवरून स्कूटर घेऊन साडेतीनला सयाजींच्या दारात पोचलो. मांडव देखणा झाला होता. पांढरं छत, गुलाबी झालर, मधोमध झुंबर, खाली गालिचे. वऱ्हाड बसमधून उतरून थंड सरबत पीत होतं. सहाशे-सातशे माणूस सहज असेल. आभाळ पार स्वच्छ. घाटाकडे दोन-चार पांढरे ढग, कापूस पिंजून ठेवल्यासारखे, पण त्यांच्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं.

रऊफभाईंनी बांधाच्या कडेला ताडपत्री अंथरून असर पढली. उठले, ताडपत्री झटकली, घडी केली, आणि आपल्या माणसांना म्हणाले, "कापड उतरवा."

पहिल्यांदा कुणाला कळलंच नाही. झालर निघाली तेव्हा बायकांना वाटलं दुसरी लावणार. मग झुंबर खाली आलं. मग छताचं कापड एका टोकाने सुटलं आणि गुंडाळत गुंडाळत निम्मं आभाळ उघडं पडलं. गालिचे गुंडाळून पडवीत गेले, खुर्च्या घराच्या आणि शेजारच्या शाळेच्या व्हरांड्यात. मुदस्सर आज मुद्दाम आला होता. एक पाय ओढत तो माणसांना सांगत होता, "पडवीत बसा, शाळेत बसा, सावलीच हाय तिकडं." वीस मिनिटांत मांडवाचे नुसते पाइप राहिले.

नवऱ्याचा मामा पुढे आला. ठाण्यात त्याचा स्वतःचा व्यवसाय, आवाज मोठा, आणि मांडवाचे फोटो त्याने आधीच सगळ्यांना पाठवलेले. "हे काय चाललंय?"

"वाऱ्याला धरायला काय ठेवायचं नाय. नुस्त्या पाइपाला वारा धरत नाय, कापडाला धरतो. सहाच्या पुढं, नीट दिसलं की परत बांधतो. मानसं तयार हायत."

मामाने फोन काढून त्यांच्यासमोर धरला. "इथे बघा. संध्याकाळी पावसाची शक्यता वीस टक्के. फक्त वीस."

रऊफभाईंनी चष्मा लावून बघितलं. "मी पंचवीस धरतो. आपलं काय भांडण नाय मग."

आजूबाजूला चार माणसं हसली, आणि त्याने मामा जास्तच पेटला. तो म्हणाला, आमची बदनामी करता, ड्रोनवाला आणलाय, आता काय लोखंड शूट करायचं? तुमचं कापड तुमच्यापाशी ठेवा, मी आमच्या पोरांना सांगतो, अर्ध्या तासात बांधतील. खरंच त्याने पोरांना हाक मारली. तीन-चार जण गुंडाळ्यांकडे निघालेसुद्धा.

रऊफभाई त्या गुंडाळ्यांच्या पुढ्यात जाऊन उभे राहिले. आवाज चढवला नाही. "कापड माझं, दोर माझे. मानसं तुमची. तुमच्या मानसांवर माझं कापड पडू द्याचं नाय मला."

पोरं थांबली. मामा सयाजींकडे वळला. "व्याही, हा तुमचा माणूस. तुम्ही सांगा."

सयाजींचा चेहरा उतरला होता. मुलीच्या लग्नात वरपक्षासमोर असं उभं राहायची वेळ बापावर येऊ नये. रऊफभाईंना दिलेला शब्द एका बाजूला, आणि लेकीचं उद्यापासूनचं घर दुसऱ्या बाजूला. पाच वाजायला आले होते. ऊन तसंच होतं. पानसुद्धा हलत नव्हतं. ते माझ्याकडे आले.

"भटजी," ते म्हणाले, "कापडाबिगर मांडवात लगीन लागतं का? तुमी काय सांगाल तसं करू. तुमी नाय म्हनलात तर मी रऊफभायला हात जोडतो आन कापड चढवायला लावतो. हे लोक तुमचं ऐकतील."

सगळी पडवी माझ्याकडे बघू लागली. छताशिवाय मांडव अशुभ दिसतो, एवढंच मी म्हणायचा अवकाश होता. अर्ध्या मिनिटात कापड वर जाऊ लागलं असतं, मामा खूश, सयाजी सुटले असते, आणि मी कुणाच्याही दृष्टीने चुकलो नसतो. चारात तीन वेळा काही होतच नाही. मी स्वतः मोजलं होतं.

मुदस्सर शाळेच्या पायरीवर उभा होता. तो माझ्याकडे बघत नव्हता. खुर्ची कशी लावायची ते एका म्हाताऱ्याला दाखवत होता. त्याच्याकडे बघितलं आणि मला माझी लाज वाटली. तुडीलपासूनची सगळी एकदम वाटली.

"लागतं," मी म्हणालो. "वर उघडं आभाळ असलं तरी लागतं. गोरजाला दोष नाही. आणि रऊफभाई सांगतील तेव्हाच कापड चढेल." पण माझं बोलणं तिथे थांबलं नाही. "सयाजीराव, आज दुपारी मुहूर्त होता. बारा तेवीसचा. चांगला होता. तुम्हाला नाही म्हणालो, कारण मला त्या वेळी महाडला दुसरं लग्न लावायचं होतं. सगळं तेव्हाच पार पडलं असतं, पंगत उठली असती, आणि हा खेळ झालाच नसता. चूक माझी आहे. यांची नाही."

मामा म्हणाला, "कमाल आहे." सयाजी आत निघून गेले. रऊफभाईंनी पाण्याचा तांब्या माझ्यापुढे केला. मी सगळा प्यायलो.

मग आम्ही वाट बघत बसलो. सव्वापाच. साडेपाच. घाटावरचे ढग मोठे झाले, खालून करडे पडले. एकदा लांबून गुरगुर ऐकू आली आणि अख्ख्या वऱ्हाडाने एकदम माना वर केल्या. खरं सांगतो, मी मनातल्या मनात पावसाला बोलवत होतो. एवढं सगळं बोलून बसलो होतो, आता निदान एक सर तरी यावी, रऊफभाईंचं आणि माझं नाक वर राहावं. सहा वाजले. ढग तिथेच थांबले, मग त्यांच्या कडा विरायला लागल्या. अंगणात थेंब पडला नाही. वारासुद्धा आला नाही.

मामा हाताची घडी घालून उभा होता. "आला नाही तुमचा पाऊस," तो म्हणाला. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाला.

"नाय आला," रऊफभाई म्हणाले. "बरं झालं. पोरगी सुकी ऱ्हायली." आणि माणसांकडे वळून, "चला, चढवा."

माझी खात्री होती की आता तरी त्यांच्या चेहऱ्यावर थोडी ओशाळगत दिसेल. मी बारकाईने पाहिलं. काही नव्हतं. ते चढवण्याचं काम उतरवण्याइतक्याच सावकाशीने करत होते, प्रत्येक दोराची गाठ स्वतः ओढून बघत होते. मी जवळ जाऊन हळूच म्हणालो, रऊफभाई, वाईट वाटत नाही का? एवढ्या लोकांत.

"कशाचं? मी पाऊस येनार असं कधी म्हनलो? मी म्हनलो, येऊ शकतो. ज्या दिवशी येतो त्या दिवशी आदी सांगून येत नाय, म्हनून रोजच उतरवायचं." गाठ आवळून ते पुढच्या पाइपाकडे गेले.

छताचं निम्मंच कापड चढलं होतं तेव्हा सहा सत्तेचाळीस झाले. मी अंतरपाट धरायला लावला. वर अर्धं कापड, अर्धं तांबूस आभाळ, आणि खालच्या वाडीतल्या गाई खरंच त्याच वेळी बांधावरून घरी चालल्या होत्या. तेजश्रीने मान वर करून एकदा त्या उघड्या बाजूकडे पाहिलं आणि हसली. मंगलाष्टका मी त्या दिवशी लांबवल्या नाहीत. अक्षता पडल्या, वाजंत्री वाजली. ड्रोनवाल्याला ते अर्धं आभाळ इतकं आवडलं की मामानेच नंतर ती चित्रफीत सगळ्यांना पाठवली, असं मला पुढे कळलं. पंगत बसली तोवर कापड पुरं चढलं होतं आणि झुंबरही लागलं होतं.

मी जेवलो नाही. सयाजी माझ्याशी एक अक्षर बोलले नव्हते, त्यांच्या घरचं कुठल्या तोंडाने जेवणार? विधी आटोपून पिशवी भरली आणि स्कूटरपाशी गेलो. अठ्ठावीस वर्षांत मी एका घरातून असा निघालो नव्हतो. खोऱ्यात ही गोष्ट उद्या दुपारपर्यंत सगळीकडे जाईल, हे मला ठाऊक होतं. पुढच्या वैशाखात मला कोण बोलावणार, याचा विचार करत मी किल्ली शोधत होतो.

सयाजी पाठीमागे येऊन उभे राहिले. त्यांच्याबरोबर रऊफभाईंनाही त्यांनी हाताला धरून आणलं होतं. रऊफभाईंच्या हातात दोर तसाच होता.

"भटजी, जेवून जा," सयाजी म्हणाले.

"नको. मला आज—"

"जेवून जा म्हनतो ना. चुकलात ते चारचौघांत कबूल केलंत, ते पुरं. आदी माझं ऐका." त्यांनी माझ्या हातातली पिशवी घेतली आणि आपल्या खांद्याला लावली. "पुढल्या वर्साला धाकटीचं, अंकिताचं करायचं हाय. ह्याच खळ्यात, ह्याच दिवसांत. आमच्याकडं आदी भटजी वेळ सांगतो, मग मांडववाला येतो. ह्या खेपेला उलटं करू. रऊफभाय वेळ सांगतील, त्या वेळेत तुमी मुहूर्त काढा."

रऊफभाई माझ्याकडे बघत उभे होते. त्या दिवशी दिवसभरात त्या अंगणात पावसाचा एक थेंब पडला नव्हता.

"अकरा ते दीड," रऊफभाई म्हणाले.

"काढतो," मी म्हणालो, आणि आम्ही तिघं पंगतीकडे गेलो.